दोन साडू आणि एक बॉयलर

सुरतजवळच्या कामरेज चाररस्त्याच्या आसपास दोन जातींची धुराडी दिसतात. पहिली उंच, साखर कारखान्यांची. नवी पारडी, सायण, चलथाण, आणखी पुढे गेलं की बारडोली आणि मढी. सगळे सहकारी, सगळ्यांचे बॉयलर उसाच्या चिपाडावर, म्हणजे बगॅसवर चालणारे. हंगामात ऊसतोडीला डांग, नंदुरबार, धुळ्याकडून टोळ्या उतरतात. दुसरी धुराडी बारकी. सूत पिळणाऱ्या, कापडाला वाफ देणाऱ्या छोट्या युनिटांची. त्यांचा बॉयलर बहुधा शेडबाहेर पत्र्याच्या आडोशाला असतो आणि त्याच्या तोंडाशी वेड्या बाभळीची लाकडं रचलेली असतात.

खाली बोलणारे दोघे मी रचलेले आहेत. दोघेही खानदेशातले, एकमेकांचे साडू. नाना साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसात मुरलेले, अटेंडंटची फर्स्ट क्लासची परीक्षा पास. आप्पांचं कामरेजला यार्न सेटिंगचं युनिट आहे: पिळलेलं सूत ऑटोक्लेव्हमध्ये घालून वाफेनं त्याचा पीळ बसवायचा. त्यासाठी ताशी दोनशे किलो वाफेचा लाकडावरचा बॉयलर. माणसं कल्पित असली तरी आकडे आणि रसायन कल्पित नाहीत.

नाना: आप्पा, त्या निळ्या कॅनमध्ये काय आहे?

आप्पा: औषध. केमिकलवाला दर महिन्याला टाकून जातो. सकाळी अर्धा मग फीड टाकीत ओतायचा, की दिवसभर चिंता नाही.

नाना: कोणत्या रोगावर?

आप्पा: म्हणजे?

नाना: पाण्याला रोग तरी किती प्रकारचे. जड पाण्यानं ट्यूबवर स्केल बसतं. पाण्यातल्या ऑक्सिजननं पोलादाला खड्डे पडतात. क्षार वाढले की पाणी फेसाळतं आणि वाफेबरोबर वर उडतं. तिन्हींची औषधं वेगळी. तुम्ही अर्धा मग कशासाठी ओतता?

आप्पा: साडूभाऊ, तुमच्याकडे लॅब आहे, केमिस्ट आहे, तीन पाळ्या आहेत. माझ्याकडे एक फायरमन, तोच लाकडं फोडतो, तोच ऑटोक्लेव्हचं झाकण लावतो. सॉफ्टनर बसवलाय ना मी! बोअरचं पाणी त्यातून जातं, गोड होऊन येतं. आणखी काय हवं?

इथे मला मधे बोलावं लागेल, कारण ‘गोड होऊन येतं’ या समजुतीवर पुष्कळ बॉयलर वाया गेलेले आहेत. सॉफ्टनरमधलं रेझिन कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. पाण्यातला एकूण क्षार तेवढाच राहतो. स्केल धरणारा क्षार जातो आणि विरघळून राहणारा येतो, इतकंच. हजार टीडीएसचं, म्हणजे लिटरला हजार मिलिग्रॅम विरघळलेल्या क्षारांचं पाणी सॉफ्टनरमधून बाहेर पडतं तेव्हाही हजाराच्या आसपासच असतं.

नाना: तुमच्या बोअरचा टीडीएस आत्ता मीटरवर हजार दाखवतोय. आता बघा. बॉयलरच्या पोटात पाणी किती?

आप्पा: पाचशे लिटर.

नाना: दहा तासांत वाफ किती काढता?

आप्पा: दोन हजार किलो.

नाना: वाफ वर जाते, क्षार मागे राहतो. दोन हजार लिटर पाण्यातले दोन किलो क्षार पाचशे लिटरमध्ये साठले. एका दिवसात चार हजार पीपीएमची वाढ. या जातीच्या बॉयलरला मर्यादा साडेतीन हजारांच्या आसपास धरतात. म्हणजे सकाळी ताज्या पाण्यानं सुरुवात केली तरी संध्याकाळच्या आत तुम्ही मर्यादेबाहेर. तुम्ही ब्लोडाऊन कधी देता, म्हणजे व्हॉल्व्ह उघडून खारं झालेलं पाणी कधी सोडता?

आप्पा: सकाळी एकदा. पाच आकडे मोजून.

नाना: कशावरून पाच?

आप्पा: आधीच्या फायरमननं सांगितलं होतं.

नाना: हिशोब असा आहे. येणाऱ्या पाण्याचा टीडीएस भागिले, मर्यादेतून तो वजा करून उरेल तो आकडा. हजार भागिले अडीच हजार. चाळीस टक्के! दोन हजार किलो वाफेमागे आठशे लिटर तापलेलं पाणी रोज बाहेर सोडायला हवं.

आप्पा: आठशे लिटर? उकळतं? लाकडाचा भाव माहीत आहे का तुम्हाला? तुमचं बगॅस घरचं. ऊस गाळला की इंधन पायाशी. मी एकेक किलो बाभूळ विकत घेतो.

आप्पांची ही तक्रार रास्त आहे, आणि तिचा आकडा काढता येतो. सात किलो दाबाला बॉयलरमधलं पाणी १७० अंशांवर असतं. तीस अंशांचं पाणी तिथवर तापवायला जेवढी उष्णता लागते, ती त्याच पाण्याची वाफ करायला लागणाऱ्या उष्णतेच्या साधारण २२ टक्के. चाळीस टक्के ब्लोडाऊन म्हणजे इंधनात जवळजवळ नऊ टक्क्यांची भर. शंभर किलो लाकडामागे नऊ किलो गटारात. हे ऐकून कोणता मालक व्हॉल्व्ह उघडेल? म्हणून तो पाच आकडे मोजतो. मग क्षार वाढतात, पाणी फेसाळतं, थेंब वाफेबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये जातात, सुतावर डाग पडतात आणि शिव्या सूतवाल्याला बसतात.

नाना: डाग पडतात की नाही?

आप्पा: पडतात. पण ते सुतावरच्या स्पिन ऑइलचे, असं मला सांगितलंय.

नाना: कोणी? कॅनवाल्यानं?

आप्पा: (हसून) त्यानंच.

नाना: मग आता कॅनची गोष्ट. त्यात काय आहे ते मी वास घेऊन सांगणार नाही, पण पीएच पट्टी बुडवून सांगतो. कडक अल्कली आहे. आता तुमच्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर. सॉफ्टनरनंतर ते सोडियमचं बायकार्बोनेट होतं, आणि बॉयलरच्या उष्णतेत फुटून त्याचा कॉस्टिक सोडा बनतो. म्हणजे अल्कली तुमचा बॉयलर स्वतःच तयार करतोय, फुकट. पीएच साडेदहा ते बारामध्ये हवा, तो तुमचा औषध न घालताही चढतो. वरून तुम्ही अर्धा मग आणखी ओतता. फेस येणार नाही तर काय होईल?

आप्पा: म्हणजे इतके महिने मी पैसे देऊन बॉयलर बिघडवतोय?

नाना: अगदी तसं नाही. पण ज्याची गरज नाही ते घालताय, आणि ज्याची आहे ते नाही. बायकार्बोनेट फुटतं तेव्हा कार्बन डायऑक्साइडही निघतो. तो वाफेबरोबर जातो आणि पाइपात वाफ थंड झाली की पाण्यात विरघळून आम्ल बनतो. तुमची कंडेन्सेटची, म्हणजे थंड झालेल्या वाफेच्या पाण्याची लाइन मागच्या वर्षी कुठे गळली होती?

आप्पा: खालच्या बाजूला. लांबलचक चर पडल्यासारखी.

नाना: तेच ते.

नानांचं इथवरचं सगळं पटण्यासारखं आहे. पण मोठ्या कारखान्यातून आलेल्या माणसाची एक खोड असते. तिथे जे चालतं ते सगळीकडे चालावं, असं त्याला वाटतं.

नाना: आमच्याकडे बघा. बॉयलरला बाहेरचं पाणी लागतंच किती? उसाच्या रसाला आटवायला दिलेली वाफ थंड होऊन परत येते, ती जवळजवळ शुद्ध पाणीच. पन्नास टीडीएस धरा. पन्नास भागिले साडेचौतीसशे. दीड टक्का ब्लोडाऊन! तुम्हीही कंडेन्सेट परत घ्या. पाणी शुद्ध, शिवाय गरम. फीड पाणी सहा अंशांनी वाढलं की इंधन एक टक्क्यानं कमी.

आप्पा: घेतलं होतं साडूभाऊ. पंधरा दिवसांत गेज ग्लास आतून तेलकट झाला. माझी वाफ थेट सुताला लागते. सुताचं तेल कंडेन्सेटमध्ये उतरतं. तुमच्या साखरेला तेल नसतं.

नाना: (थांबून) थेट लागते? ऑटोक्लेव्हच्या बाहेरच्या जॅकेटला नाही?

आप्पा: जॅकेटलाही लागते, पण थोडी.

नाना: मग जॅकेटचं परत घ्या, आतलं सोडून द्या. तेल बॉयलरमध्ये नकोच. एवढं तुमचं बरोबर.

आप्पा: आणि तुमच्याकडे कंडेन्सेटमध्ये रस येत नाही?

नाना: येतो ना! तेच आमचं भूत. हीटरची एक ट्यूब फुटली की रस कंडेन्सेटमध्ये. साखर बॉयलरमध्ये गेली की उष्णतेनं तिची आम्लं बनतात, पीएच धाडकन खाली येतो, पाणी काळं आणि फेसाळ. म्हणून लॅबचा पोरगा दर तासाला नमुना घेतो. परीक्षानळीत पाणी, अल्फा नॅप्थॉलचे दोन थेंब, बाजूनं हळूच सल्फ्युरिक ॲसिड. जांभळं कडं दिसलं की ते पाणी लगेच गटारात वळवायचं. साखर इतकी थोडी असते की जिभेला कळत नाही, पण कडं दिसतं.

त्या जांभळ्या कड्याचं मला कौतुक वाटतं. मोठा कारखाना शहाणा आहे म्हणून त्याचा बॉयलर टिकतो असं नाही. तिथे कोणीतरी तासातासाला नळी हातात धरतो, म्हणून टिकतो. छोट्या युनिटला कारखान्याची यंत्रं परवडणार नाहीत. तपासण्याची सवय मात्र घेता येते, आणि तिला फार पैसे लागत नाहीत. सॉफ्टनरच्या पाण्यात बफर आणि इरिओक्रोम ब्लॅक टीचा रंग टाकला आणि ते निळं दिसलं तर हार्डनेस, म्हणजे जडपणा, गेला. लालसर दिसलं तर रेझिन थकलंय, मीठ द्या. हार्डनेस पाच पीपीएमच्या वर जायला नको. या तपासणीला एक मिनिट लागतं. लाकूड पेटवण्याआधी ते एक मिनिट दिलं नाही, तर रात्रीत सॉफ्टनर संपलेला असतो आणि दिवसभर जड पाणी आत जातं. ट्यूबवर एक मिलिमीटर स्केल बसलं तर इंधन पाच ते आठ टक्के जास्त जळतं, असं ऊर्जा बचतीच्या हातपुस्तकांत धरतात. त्याहून वाईट म्हणजे स्केलखालचं पोलाद पाण्यानं थंड होणं थांबतं, तापून मऊ पडतं आणि फुगतं.

आप्पा: मीठ देताना एक विचारू? तुम्ही मला ज्ञान देताय, पण ते मीठ जातं कुठे?

नाना: गटारात.

आप्पा: आणि गटार? माझ्या बोअरच्या बाजूच्या शेतात. एक किलो हार्डनेस काढायला कागदावर १.१७ किलो मीठ, प्रत्यक्षात दुप्पट–तिप्पट लागतं. इथल्या शंभर युनिटांनी रोज तसंच करायचं, मग बोअर खारे झाले म्हणून ओरडायचं. पाणी सुधारायचं म्हणून पाणीच बिघडवायचं. तुम्ही म्हणाल आरओ लावा. आरओ काय करतं? आलेल्या पाण्याचा मोठा वाटा आणखी खारा करून बाहेर टाकतं. सगळ्यांचा कचरा शेवटी तापीतच.

नानांकडे याला उत्तर नव्हतं. खरं तर अजून कोणाकडेच पुरतं उत्तर नाही. ते गप्प राहिले, हेच मला प्रामाणिक वाटलं.

तापीचं नाव निघालं की खानदेशी माणूस हळवा होतो. मुलताईला निघालेली ही नदी भुसावळ, प्रकाशा करत उकाईच्या धरणात येते आणि काकरापारच्या बंधाऱ्यावरून तिचं पाणी कालव्यांत वळतं. काकरापार १९५४ चा, उकाई १९७२ चं. कामरेज गायकवाडांच्या बडोदे संस्थानात, नवसारी प्रांतात होतं, तेव्हा हे कालवे नव्हते. आज या पट्ट्यातला ऊस त्याच पाण्यावर उभा आहे.

आप्पा: कालव्याचं पाणी मिळालं तर ब्लोडाऊन कितीनं उतरेल?

नाना: टीडीएस अडीचशे समजा. अडीचशे भागिले बत्तीसशे पन्नास. पावणेआठ टक्के. चाळीसवरून पावणेआठ. पण तुम्हाला त्याहून स्वस्त पाणी आहे. तुमच्या शेडचा पत्रा किती?

आप्पा: तीनशे चौरस मीटर.

नाना: सुरतेत पाऊस वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास. तीनशे गुणिले एक पूर्णांक दोन, ३६० घनमीटर. तीन लाख साठ हजार लिटर, आणि टीडीएस जवळजवळ शून्य! साठवायला जागा नाही हे मान्य. पण पावसाळ्याच्या चार महिन्यांत टाकीत येईल तसं वापरा. तेवढे दिवस सॉफ्टनर बंद, मीठ बंद, ब्लोडाऊन नावापुरता.

आप्पा: आणि औषधही बंद?

नाना: उलट. पावसाच्या पाण्यात बायकार्बोनेट नाही, म्हणजे अल्कली आपोआप तयार होणार नाही. पीएच खाली राहील आणि ते पाणी पोलाद खाईल. तेव्हाच तुमच्या त्या निळ्या कॅनची खरी गरज! पण अर्धा मग नाही, पीएच बघून. धुराच्या काजळीनं पत्रा मळलेला असतो, म्हणून पहिल्या सरींचं पाणी सोडून द्यायचं.

आप्पा: म्हणजे बोअरच्या पाण्याला जे विष, तेच पावसाच्या पाण्याला औषध.

नाना: असं बोललात तर कॅनवाला तुम्हाला दुकानात बसवेल.

ऑक्सिजनचा मुद्दा दोघांनी अजून काढला नव्हता, म्हणून मी काढतो. आपल्याकडच्या जुन्या घरांत अंगणात तांब्याचा बंब असायचा, लाकडं घालून पाणी तापवायचा. तोही उघड्यावरचा, लाकडावरचा बॉयलरच. आत क्षार बसले की चिंच लावून घासायचा. तांबं आणि बिनदाबाचं पाणी, म्हणून तो दोन पिढ्या टिकला. पोलादाला ही सूट नाही. अमेरिका–कॅनडात घराबाहेर शेडसारखे लाकडाचे बॉयलर असतात, त्यांचं गरम पाणी घरातल्या पाइपांतून फिरून परत येतं. तिथे वर्षानुवर्षं तेच पाणी राहतं, म्हणून एकदा नायट्राइटसारखं संरक्षक घातलं की वर्षातून एक-दोनदा तपासलं तरी चालतं. वाफेच्या बॉयलरात रोज नवं पाणी येतं आणि नवा ऑक्सिजन आणतं.

नाना: तीस अंशांच्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन. तो काढायला त्याच्या आठपट सोडियम सल्फाइट लागतं. हजार लिटरला साठ ग्रॅम. तेच पाणी नव्वद अंशांवर नेलं तर ऑक्सिजन दीडवर येतो आणि सल्फाइट बारा ग्रॅमवर. जॅकेटचं कंडेन्सेट टाकीत सोडा, ब्लोडाऊनच्या गरम पाण्यातून फीडचा पाइप फिरवा. टाकी तापली की औषध कमी आणि लाकूडही कमी.

आप्पा: आणि हे सगळं लिहायचं कुठे? वर्षातून एकदा बॉयलर निरीक्षक येतो, पाण्याच्या दाबाची चाचणी घेतो, प्रमाणपत्र देतो. रोजचं पाणी तो बघतो का?

नाना: तो नाही बघत. तुम्ही बघायचं.

बॉयलरच्या कायद्याचा उगम स्फोटात आहे. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं गेली, १८६४ साली बंगालमध्ये पहिला कायदा झाला. मग १९२३ चा अखिल भारतीय कायदा, १९५० ची नियमावली, आणि आता १९२३ च्या जागी २०२५ चा नवा. पंचवीस लिटरपेक्षा लहान, एक किलोपेक्षा कमी दाबाचं किंवा पाणी शंभर अंशांच्या खालीच ठेवणारं भांडं कायद्याच्या व्याख्येबाहेर राहतं. आप्पांचा बॉयलर व्याख्येत बसतो. पण निरीक्षक येतो त्या दिवशी बॉयलर थंड, धुतलेला आणि गोड पाण्यानं भरलेला असतो. उरलेले दिवस फायरमनच्या हातात असतात, आणि फायरमनचा पगार बहुतेक ठिकाणी लाकूड वाहणाऱ्याएवढाच असतो. माझा रोख आप्पांच्या कॅनपेक्षा या पगारावर जास्त आहे. मीटर घेऊन द्यायचा आणि तो वाचणाऱ्याला वाचण्याचा मोबदला द्यायचा नाही, मग वहीत रोज तोच आकडा उतरवलेला सापडतो.

आप्पा: एक खरं सांगा साडूभाऊ, तुमच्या वहीत कधी उतरवलेले आकडे नसतात?

नाना: हंगामाच्या शेवटी, मार्च–एप्रिलमध्ये, जेव्हा सगळे दमलेले असतात... नसतात असं म्हणत नाही.

आप्पा: मग मी वही ठेवीन. पण तीनच रकाने. सॉफ्टनरनंतरचा हार्डनेस, बॉयलरचा टीडीएस, पीएच. चौथा सांगाल तर वही बंद.

नाना: चौथा नाही सांगत. पण पाच आकडे मोजणं बंद. टीडीएस तीन हजारावर गेला की थोडं-थोडं, दिवसातून चार-पाच वेळा सोडा.

आप्पा: मान्य. मिठाचं मात्र मान्य नाही. पावसाच्या पाण्याची टाकी बसवतो, बोअरवरचे दिवस कमी करतो. तुमच्या लॅबपेक्षा माझ्या पत्र्यावर माझा विश्वास जास्त.

नानांनी यावर वाद घातला नाही, आणि मलाही आप्पांचं हे म्हणणं नानांच्या कित्येक सूचनांपेक्षा वजनदार वाटतं. मीठ ओतून आणि उकळतं पाणी फेकून खाऱ्या पाण्याशी भांडत बसण्यापेक्षा मुळातच कमी खारं पाणी आत घेणं शहाणपणाचं. कामरेजसारख्या ठिकाणी, जिथे पाऊस मुबलक आणि कालवा जवळ, तिथे तर नक्कीच.

एक गोष्ट दोघांनीही शेवटपर्यंत काढली नाही. दिवाळीला सुरतचे कारखाने बंद पडतात, खानदेशी माणूस गाडी पकडून गावाला जातो, आणि बॉयलर अर्धवट भरलेला, थंड, हवा आत घेत उभा राहतो. पोलादाला सगळ्यात जास्त खड्डे याच दिवसांत पडतात. साखर कारखाने हंगाम संपला की बॉयलर अल्कली आणि सल्फाइट घातलेल्या पाण्यानं तोंडापर्यंत भरतात, नाहीतर पूर्ण कोरडा करून आत कळीचा चुना ठेवून बंद करतात. वाचकांपैकी कोणाकडे लाकडाचा बॉयलर असेल, तर यंदा गावाला निघण्याआधी या दोहोंपैकी एक करून निघा. अर्धा भरलेला सोडून जाऊ नका.